फूल दिसतं, फळ लागतं: मलय सिलातची गोष्ट

मलेशियातल्या एखाद्या गावातलं लग्न. सजवलेल्या चौथऱ्यावर नवरा-नवरी बसलेली. आजच्या दिवसापुरते ते 'राजा सहारी', म्हणजे एका दिवसाचे राजा. आपण नवऱ्याला देव करतो, ते राजा करतात. समोर मोकळी जागा सोडलीय. बाजूला दोन लांबट ढोल, एक टांगलेली काशाची थाळी आणि सनईच्याच कुळातली 'सरुनाई'. सरुनाईचा पहिला लांब सूर निघतो आणि काळ्या कपड्यातला एक माणूस पुढे येतो. कमरेला जरीचं कापड गुंडाळलेलं, डोक्याला फेट्यासारखं टोकदार बांधलेलं. तो खाली बसतो, हात जोडतो, राजा-राणीला वंदन करतो आणि अगदी सावकाश उठतो. मनगटं फिरतात, बोटं उमलतात, पाय जमीन चाचपत पुढे सरकतात. घाई कसलीच नाही.

मग दुसरा येतो. दोघं एकमेकांभोवती फिरतात. ढोलाची लय वाढते, अंतर कमी होतं, हाताला हात भिडतो, एक पाय दुसऱ्याच्या गुडघ्यापाशी जाऊन थांबतो. लागत कुणालाच नाही. लागू द्यायचं नसतंच. शेवटी दोघं हात मिळवतात, तोच हात छातीला लावतात आणि बाजूला होतात. या प्रकाराला 'सिलात पुलुत' म्हणतात. पुलुत म्हणजे चिकट तांदळाचा भात, जो हळद घालून पिवळा करतात आणि मंगलकार्यात वाढतात. खेळ करणाऱ्यांचा मान म्हणजे हा भात, आणि खेळाचं नावही त्यावरूनच पडलं.

पहिल्यांदा बघणारा विचारतो, की हा नाच आहे की मारामारी? सिलात समजून घ्यायला या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

मलय लोकांची ही युद्धकला मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई, दक्षिण थायलंड आणि इंडोनेशियाच्या मोठ्या भागात पसरलेली आहे. इंडोनेशियात तिला जावाकडचा 'पेंचाक' हा शब्द जोडून 'पेंचाक सिलात' म्हणतात, सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत 'सिलेक'. एकट्या मलेशियात दीडशेच्या वर शैली मोजल्या जातात. त्यामुळे 'सिलातमध्ये असं असतं' असं एकच विधान करणं म्हणजे 'भारतात भाजीला अशी फोडणी देतात' असं म्हणण्यासारखं आहे. तरीही काही धागे बहुतेकांत सापडतात, आणि त्यातला पहिला धागा फुला-फळाचा.

सिलात खेळणारे त्या डौलदार हालचालींना 'बुंगा' म्हणतात. बुंगा म्हणजे फूल. प्रत्यक्ष उपयोगात येणारा जो डाव, म्हणजे अडवणं, फटका, कुलूप घालून पाडणं, त्याला 'बुआह' म्हणतात. बुआह म्हणजे फळ. फूल सगळ्यांना दाखवायचं, फळ ज्याचं त्याला कळतं. उमलणाऱ्या हाताकडे आपण कौतुकानं बघत असतो, तेव्हा तोच हात चेहरा झाकून ठेवत असतो. मनगट फिरतं ते समोरच्याची पकड सोडवायला, आणि जमीन चाचपणारा पाय वजन कुठे टाकायचं ते ठरवत असतो. मराठीत 'फळ लागतं' हे झाडालाही म्हणतात आणि अंगालाही लागतंच. मलयमध्ये हा श्लेष होत नाही, पण अर्थ नेमका तोच.

सुरुवातीच्या शिष्याला मात्र फूलही मिळत नाही आणि फळही नाही. त्याला मिळतात पावलं. 'लांगकाह' म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलांची, चार पावलांची ठरलेली नक्षी असते आणि ती अंगात मुरेपर्यंत गिरवायची. सोबत 'कुदा-कुदा', म्हणजे पाय रोवून उभं राहण्याच्या ठेवणी. कुदा म्हणजे घोडा, आणि घोड्यावर मांड ठोकल्यासारखं उभं राहणं हा त्याचा अर्थ. जमीन कशी आहे त्यावर शैली बदलते. मिनांगकाबाऊ भागातली वाघाची शैली इतकी खाली बसते, की खेळणारा जवळजवळ चार पायांवर येतो. तिथली जमीन ओली आणि निसरडी, घसरून पडण्यापेक्षा आधीच खाली असलेलं बरं, असं त्याचं कारण सांगतात. शेतात पावसाळ्यात वावरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या कलेच्या उगमाच्या कथा पुष्कळ आहेत. मला आवडते ती धबधब्याखालच्या फुलाची. एका तरुणाने पाहिलं, की डोहात एक फूल पडलंय. पाण्याचा लोट त्याला खडकाकडे ढकलतो, पण खडकावर आपटण्याआधीच परतणारी लाट त्याला मागे आणते. फूल पुन्हा पुढे जातं, पुन्हा मागे येतं, पाकळी मात्र एकही तुटत नाही. यावरून त्याला जोराला जोर न लावता निसटायची युक्ती सुचली. हा इतिहास नव्हे, पण आपण कशाला चांगली लढाई म्हणतो हे या लोकांनी त्या गोष्टीत सांगून ठेवलंय.

आता शब्दांकडे वळू. मराठी वाचकाला सिलातच्या आत शिरायची सोपी वाट तीच आहे.

मारणं, लाथ घालणं, अडवणं, चुकवणं यांचे शब्द मलय आहेत: तुम्बुक, सेपाक, तांगकिस, एलाक. पण आखाड्यातला माणूस कसा असावा हे सांगायला सुरुवात झाली, की एकदम ओळखीची नावं कानावर येऊ लागतात. शिकवणारा 'गुरू'. ज्याच्यात विशेष सामर्थ्य आहे तो 'सक्ती', म्हणजे आपली शक्ती. निष्ठेला 'सतिया' म्हणतात, ते आपल्या 'सत्य' वरून. द्रोहाला 'दरहाका'. धोक्याला 'बाहाया', जे मूळचं भय. विषाला 'बिसा'. उपवासाला 'पुआसा', आणि रमजानचा रोजासुद्धा पुआसाच. आणि या संस्कृत थरावर अरबी थर चढलेला आहे: विद्येला 'इल्मू', रीतिरिवाजाला 'आदात', शिस्तशीर वागण्याला 'आदाब'. अभ्यासक्रम पुरा झाला, की होतो तो 'खतम'. आपण चहा खतम करतो. मलय मुलगा आधी कुराणाचं वाचन खतम करतो, मग सिलातचं, आणि दोन्हीचा समारंभ होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शब्द संस्कृत आहेत म्हणून ही कला भारतातून गेली, असं सिद्ध होत नाही. अशा अर्थाचे निरोप मोबाइलवर फिरत असतात आणि छाती फुगवायला बरे असतात. पण हजार-दीड हजार वर्षं समुद्रावरून व्यापार, राजदरबार आणि धर्म यांची ये-जा झाली. त्यात शब्द गेले आणि तिथे रुजले, अर्थही बदलून बसले. खरी गंमत त्या बदललेल्या अर्थात आहे.

'बुदी' हाच शब्द घ्या. आपली बुद्धी म्हणजे डोकं. मलय बुदी मात्र हृदयाच्या बाजूला सरकलेली आहे: चांगुलपणा, दुसऱ्याची जाण, आणि कुणी केलेल्या उपकाराचं ओझंसुद्धा. 'सोन्याचं कर्ज फेडता येतं, बुदीचं कर्ज मरताना सोबत न्यावं लागतं,' अशी तिथली म्हण आहे. तसंच 'बाहासा'. भाषा तर खरीच, पण बोलण्या-वागण्यातली रीतही. कुणी उद्धटपणे वागलं, की त्याला 'बाहासा' कळत नाही असं म्हणतात. या दोन शब्दांवर एक जुना पंतून, म्हणजे छोटं लोककाव्य, प्रत्येक मलय मुलाला पाठ असतो:

यांग कुरिक कुंदी, यांग मेराह सागा,
यांग बाइक बुदी, यांग इंदाह बाहासा.

ठिपक्याठिपक्यांची ती कुंदी, लालभडक ती सागा. चांगली ती बुदी, सुंदर ती भाषा. कुंदी आणि सागा या झाडांच्या बिया आहेत, आपल्या गुंजेसारख्या. सोनं तोलायला आपले सोनार गुंज वापरायचे, तिकडचे सोनारही अशाच बिया वापरत. म्हणजे पहिल्या ओळीत सोनं तोलायचं माप आणि दुसरीत माणूस तोलायचं. सिलातचा गुरू शिष्याला घेताना या दुसऱ्या मापाने तोलतो, निदान तोलावं अशी अपेक्षा असते.

आता आखाड्यात जाऊ. त्याला 'गलांगांग' म्हणतात. परंपरेनं तो उघड्यावर, मातीचा, आणि सराव रात्रीचा, कारण दिवसा शेत आणि मासेमारी. नवा गलांगांग उघडतानाही विधी असतो. आत पाऊल टाकायचं ते सलाम करून आणि गुरूची परवानगी घेऊन.

नव्या शिष्याने पहिल्या दिवशी काय आणायचं, ते शैलीप्रमाणे बदलतं, पण यादीत काही वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात: पांढरं कापड, सुई-दोरा, लिंबं, एखादी छोटी सुरी, थोडे पैसे आणि विड्याची पानं-सुपारी. पांढरं कापड पाहिलं की मलय माणसाला कफन आठवतं. ते आठवावं, हाच हेतू असल्याचं पुष्कळ गुरू सांगतात: तू जे शिकायला आलायस त्याचं दुसरं टोक इथे आहे. लिंबाच्या पाण्याने शिष्याला न्हाऊ घालतात किंवा हात-पाय धुवायला लावतात. जुनं धुऊन यायचं, हा त्यातला भाव. सुपारीचं तर विचारूच नका. मलयमध्ये सुपारीला 'पिनांग' म्हणतात आणि त्यावरूनच मुलीला मागणी घालण्याला 'मेमिनांग'. आपल्याकडेही सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही. दोन्हीकडे सुपारी म्हणजे दिलेला शब्द. आपण मुंबईत त्या शब्दाचं पुढे जे केलं, ते वेगळं.

मग शपथ होते. तिचा मजकूर संघटनेप्रमाणे बदलतो, पण सार ठरलेलं: आई-बापांशी आणि गुरूशी दरहाका करणार नाही, सोबत्यांशी भांडणार नाही, विद्येचा तोरा मिरवणार नाही, परवानगीशिवाय कुणाला शिकवणार नाही. ही सगळी 'नाही'ची यादी आहे. मुलगा मारायला शिकायला आलेला असतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हाताला चार गाठी बसतात. मला सिलातचं सगळं मर्म या विसंगतीत दिसतं. याचं उलटं टोकही मलय समाजाने पाहून ठेवलंय आणि त्याला नाव दिलंय: 'आमुक'. ताबा सुटलेला माणूस हत्यार घेऊन समोर येईल त्याच्यावर धावतो, तो आमुक. हा शब्द तिथूनच जगभर गेला. ज्या समाजाला आमुकची भीती ठाऊक आहे, तो हात चालवायला शिकवण्याआधी हात आवरायला का शिकवतो, हे कळायला जड जात नाही.

गुरूविषयी आणखी थोडं. आपल्या तालमीत म्हणतात, की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. अगदी याच अर्थाचं बोलणं सिलातमध्ये ऐकू येतं, आणि काही शैलींत तर प्रत्येक डावाला तोडणाऱ्या शेवटच्या डावाला वेगळं नावच आहे: 'बुआह पमुतुस', तोडणारं फळ. ते ज्याच्या-त्याच्या हाती लागत नाही. हे चांगलं की वाईट यावर वाद घालता येईल. राखून ठेवलेला डाव गुरूबरोबरच गेला तर? काही विद्या अशाच गेल्या असणार. पण गुरूच्या नजरेतून बघितलं तर तो डाव म्हणजे विमा आहे: शिष्य बिघडलाच, तर कुणीतरी त्याला थांबवू शकेल.

नम्रतेसाठी दोन म्हणी गलांगांगात वारंवार ऐकू येतात. पहिली: भाताच्या रोपासारखा हो, जितका भरतो तितका वाकतो. कोकणातल्या माणसाला हे चित्र काढून दाखवायला नको. दुसरी जास्त धारदार आहे: साप मुळांना चिकटून सरपटला म्हणून त्याची बिसा जात नाही. वाकल्याने विष कमी होत नाही, तेव्हा वाकायला लाजू नकोस.

निष्ठा या शब्दावर मात्र जरा थांबावं लागेल, कारण मलय मनातली सर्वांत मोठी गाठ तिथे आहे.

पंधराव्या शतकातलं मलाक्का हे मलय जगाचं वैभवशाली बंदर, जे 1511 मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलं. त्या सल्तनतीचा कथानायक हांग तुआह. त्याचा हुद्दा काय, तर 'लक्समाना', म्हणजे आरमारप्रमुख. रामाच्या धाकट्या भावाचं नाव हुद्दा होऊन बसलं, आणि मलेशियाच्या नौदलात ते आजही पदनाम आहे. एकनिष्ठ सोबत्याचं नाव त्या पदाला चिकटावं, हे किती बरोबर आहे! तुआह आणि त्याचे चार मित्र एका गुरूकडे शिकले, असं हिकायत हांग तुआह या जुन्या ग्रंथात येतं. युनेस्कोने हा ग्रंथ 2001 मध्ये जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला.

गोष्ट अशी. दरबारातल्या मत्सरी लोकांनी तुआहवर राजवाड्यातल्या स्त्रीशी संबंध असल्याचा खोटा आळ घेतला. सुलतानाने चौकशी न करता मृत्युदंड फर्मावला. प्रधानाला अन्याय दिसत होता. त्याने तुआहला मारल्याचं दाखवून लपवून ठेवलं. तुआहची जागा आणि त्याची 'तामिंग सारी' नावाची करिस, म्हणजे कट्यार, त्याचा जिवलग मित्र हांग जेबात याला मिळाली. मित्र मेला असं समजून जेबात पेटून उठला, राजवाडा ताब्यात घेतला आणि सुलतानाला पळ काढावा लागला. जेबातसमोर टिकेल असा एकही वीर उरला नाही. तेव्हा सुलतानाला पश्चात्ताप झाला, प्रधानाने तुआहला पुढे आणलं, आणि तुआहने काय केलं? आपल्यासाठी बंड केलेल्या मित्राला, हातातून करिस काढून घेऊन, ठार केलं. राजाशी दरहाका नाही म्हणजे नाही.

गंमत अशी, की मलय राजवंशाच्या जुन्या बखरीत बंड करणारा मित्र जेबात नसून हांग कस्तुरी आहे. गोष्टीतलं माणूस बदलतं, पेच तोच राहतो. त्याच बखरीत राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार सांगितलाय. प्रजेकडून दमांग लेबार दाऊन म्हणतो, की अपराध केला तर शिक्षा करा, पण आमची अब्रू घालवू नका. राजा म्हणतो, की कबूल, पण मग मी वाईट वागलो तरी तुम्ही दरहाका करायची नाही. म्हणजे मृत्यूपेक्षा बेअब्रू मोठी, आणि अन्यायापेक्षा द्रोह मोठा. तुआहच्या बाबतीत राजाने आपला अर्धा भाग मोडला, तुआहने आपला पाळला.

पिढ्यान्‌पिढ्या सिलातच्या आखाड्यात तुआह हाच आदर्श होता आणि आजही भिंतीवर त्याचंच नाव असतं. पण देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास शिकलेल्या मलय तरुणांनी विचारायला सुरुवात केली, की खरा वीर जेबात तर नव्हे? न्यायासाठी उभा राहिला तो कोण? 'न्यायी राजाला वंदन, जुलमी राजाला विरोध,' ही ओळ मलयमध्ये चांगली प्रसिद्ध आहे आणि ती जेबातच्या बाजूची आहे. हा वाद मिटलेला नाही. मला तो मिटू नये असंच वाटतं. हात आवरायला शिकवणाऱ्या कुठल्याही विद्येला 'कुणाच्या हुकमावरून आवरायचा?' हे कुणीतरी विचारलंच पाहिजे.

करिसचं नाव आलंच आहे. करिस म्हणजे आखूड, दुधारी कट्यार. पातं सरळ किंवा नागमोडी. नागमोडी असेल तर वळणं नेहमी विषम मोजतात. ती राजचिन्ह आहे, वारसा आहे, नवरदेवाच्या कमरेला लागते. इंडोनेशियाच्या करिसला युनेस्कोने 2005 मध्ये मान दिला. पण सिलातमध्ये रोजच्या कामाची हत्यारंही तितकीच असतात: झाडी तोडायचा पारांग, भाला, काठी, वाघनखासारखा वळलेला करांबित. आणि एक नवल: 'चिंदाई'. मूळचं हे गुजरातेतून जाणाऱ्या रेशमी पटोळ्याचं मलय नाव. श्रीमंत लोक ते कमरेला गुंडाळत. सिलात सेनी गायोंग या शैलीत लांब कापडाने समोरच्याचा हात बांधून कुलूप घालायची कला आहे, तिला आजही चिंदाई म्हणतात. पाटणच्या मागावरून निघालेल्या कापडाचं नाव मलय आखाड्यात डाव होऊन बसलंय.

गायोंग ही मलेशियातल्या मोठ्या शैलींपैकी एक. तिला आजचं रूप दिलं महागुरू मेओर अब्दुल रहमान यांनी (1915–1991). हत्यारं, उड्या, कोलांट्या, पट्ट्यांचे रंग, असा सगळा भरगच्च मामला. तिच्याशेजारी उत्तर मलेशियातल्या केदाहकडची सिलात चेकाक ठेवून बघा. तिथे फूल नाहीच. पाय रोवणंही नाही. खेळणारा बसथांब्यावर उभा असल्यासारखा, हात खाली सोडून सरळ उभा. समोरचा हल्ला करेपर्यंत काहीही करायचं नाही. केला, की त्याच हल्ल्यात त्याला पकडायचं. दोघांच्या शपथा जवळपास सारख्या, देह मात्र पूर्णपणे वेगळे. एक म्हणतो फुलामागे लपवा, दुसरा म्हणतो लपवायला काही ठेवूच नका.

धर्माचा विषय टाळता येणार नाही. सिलात आज मलेशियात इस्लामच्या चौकटीत आहे: सुरुवातीला दुआ, वर्षातून एकदा गुरूच्या पाया पडावं तसं हात चुंबून माफी मागणं. पण तिच्या पोटात त्याआधीचंही पुष्कळ आहे. मंत्र, ज्यांना 'जाम्पी' म्हणतात. घरातून निघताना कुठल्या नाकपुडीतून श्वास जोरात चाललाय ते बघून त्या बाजूचा पाय आधी टाकायचा, असं काही जुने गुरू सांगतात. आपल्या स्वरोदयवाल्यांना हे ऐकून आनंद होईल. आणि 'इल्मू कबाल', शस्त्र न लागण्याची विद्या. या शेवटच्या विश्वासाचा हिशोब रक्ताने झालेला आहे. 1945 मध्ये जपान्यांच्या पराभवाच्या काळात मलेशियाच्या दक्षिणेकडच्या जोहोरमधल्या बातू पाहात भागात कियाई सालेह या धर्मगुरूंच्या मागे लांब पारांग घेतलेले लोक जमले. आपल्याला शस्त्र लागणार नाही अशी त्यांची श्रद्धा होती, आणि मलय व चिनी समाजांत त्या दिवसांत भयंकर हत्या झाल्या. आज धर्माचे अभ्यासक अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाला हाक मारणारे मंत्र नाकारतात, पुष्कळ संघटनांनी ते काढून साध्या दुआ ठेवल्या आहेत. जुन्या माणसांना यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. 1945 आठवलं, तर काही गोष्टी हरवलेल्याच बऱ्या.

सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंनी हा सगळा पसारा एका वाक्यात बांधलाय: बाहेरून सिलेक मित्र शोधते, आतून देव शोधते. त्या समाजात घर-जमीन आईकडून मुलीला जाते. पूर्वी मुलगा वयात येऊ लागला, की रात्री झोपायला घरी नसे, गावच्या 'सुराऊ'त, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात असे. संध्याकाळी कुराण, त्यानंतर अंगणात सिलेक, आणि काही वर्षांनी नशीब काढायला परगावी. जाताना त्याच्याजवळ शेत नसे, घर नसे. अंगात मुरलेली पावलं आणि परक्या गावात भांडण न काढता मित्र जोडायची अक्कल, एवढंच. त्यातले कितीतरी समुद्र ओलांडून आजच्या मलेशियातल्या नगरी संबिलानमध्ये स्थिरावले. पादांगजवळच्या आयर मानिस किनाऱ्यावर एक दगड दाखवतात, ओणव्या माणसासारखा: परगावी श्रीमंत झाला, परत आल्यावर गरीब आईला ओळख दिली नाही, आणि तिच्या शापाने दगड झाला तो मालिन कुंदांग. दरहाका फक्त राजाशीच होतो असं नाही.

आता सगळं स्पर्धेच्या गाद्यांवर आलंय. 11 मार्च 1980 रोजी इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई यांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. 1987 पासून आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे. 2018 मध्ये तो आशियाई स्पर्धांत पदकांसाठी खेळला गेला आणि यजमान इंडोनेशियाने 16 पैकी 14 सुवर्णपदकं नेली. इतर देशांनी नाकं मुरडली, ते साहजिक होतं. पण त्याच स्पर्धेतला एक क्षण इंडोनेशियात अजून आठवला जातो. सुवर्ण जिंकलेला हानिफान युदानी कुसुमाह प्रेक्षकांत धावत गेला. तिथे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी प्राबोवो सुबियांतो, जे सिलात संघटनेचेही प्रमुख होते, दोघंही होते. त्याने दोघांना एकाच मिठीत घेतलं. तापलेल्या राजकारणात तेवढी एक मिठी लोकांना पुरली.

2019 मध्ये युनेस्कोने एकाच बैठकीत मलेशियाची 'सिलात' आणि इंडोनेशियाची 'पेंचाक सिलात' अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या. एकाच लोणच्यावर दोन घरांनी हक्क सांगितला आणि दोन्ही बरण्यांवर चिठ्ठी लागली, असा तो प्रकार. आणि 2023 मध्ये गोव्यात झालेल्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पेंचाक सिलात पहिल्यांदाच आपल्या राष्ट्रीय यादीत आला, कलरीपयट्टूच्याच बरोबरीने.

गाद्यांवर गुण असे मिळतात: अंगरख्यावर हाताचा फटका बसला तर 1, पायाचा बसला तर 2, पाडलं तर 3. डोकं आणि मान वर्ज्य. फुलाला गुण नाही. फुलासाठी वेगळा प्रकार आहे. त्यातल्या एकट्याच्या प्रकारात तीन मिनिटांत ठरलेल्या 100 हालचाली करून दाखवायच्या, काही मोकळ्या हाताने, काही कोयत्यासारखं हत्यार आणि काठी घेऊन. समोर कुणी नसतं. म्हणजे स्पर्धेने फूल आणि फळ वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवलंय, आणि एका टोपलीतला खेळाडू दुसऱ्या टोपलीकडे क्वचितच जातो. हा बदल जुन्या गुरूंच्या गळी उतरत नाही, आणि ते तसं मोकळेपणाने बोलूनही दाखवतात.

मग शनिवारी गावात कुणाचं तरी लग्न असतं. सरुनाई लावलेली असते. काळ्या कपड्यातला म्हातारा गुडघा धरून खाली बसतो, हात जोडतो, आणि त्याची मनगटं फिरू लागतात. पिवळा भात मागे पातेल्यात तयार असतो.